जानरावांच्या जीपचा जबाब

मित्रांनो, अकोटहून सातपुड्याकडं जाताना बाभळीखाली अर्धी जळालेली जीप दिसली, तर जरा थांबा. ती मी. भंगारवाला परवाच मला पाहून गेला, म्हणून घाईनं सांगते. तोंडाची मी फटकळ आहे, तेव्हा गोड गोष्टीची आशा ठेवू नका.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग हिरवागार होता. दहा वर्षं सरकारी नोकरी केली, मग लिलावात जानरावांनी मला घेतलं. त्यांच्याकडं मी चिखल तुडवला, नाले ओलांडले, नवऱ्या पोचवल्या, बाळंतिणी आणल्या. "हे माही चौथी पोरगी हाय," असं ते चारचौघांत म्हणत आणि मी फुगून जाई.

मग त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मला गुरांच्या कोठ्यात, कापसाच्या ढिगाशेजारी उभं केलं. कापसात उंदीर झाले आणि माझ्या वायरी त्यांनी कुरतडून फस्त केल्या. दोन वर्षं माझ्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मुलगा किशोर शेती पाहू लागला, तेव्हा जानरावांनी अकोटच्या नागसेनला बोलावलं.

नागसेन गाड्यांची वायरिंग करी. शांत माणूस. त्यानं माझी जुनी वायरिंग मुळापासून उपसली. वायर पत्र्यातून जाते तिथं तिथं रबर बसवलं, डॅशबोर्डखाली काचेच्या फ्यूजांची नवी पेटी लावली. आठ दिवस लागले. चावी देताना तो किशोरला म्हणाला, "फ्यूज उडला म्हंजे वायर कुठंतरी पत्र्याले लागली, समजा. मले फोन करा. पण त्याले सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका, भाऊ." किशोर हो म्हणाला. सगळेच हो म्हणतात.

वेचणीचे दिवस आले. किशोरनं शेतातली कापसाची गाठोडी माझ्या मागच्या भागात ठेचून भरली. त्यांच्याखाली दिव्याची वायर दबून सोलली आणि पत्र्याला टेकली. फ्यूज उडाला. हॉर्नही त्याच फ्यूजवर होता, तो बंद पडला. किशोरनं दुसरा फ्यूज घातला, तोही उडाला. मी दोनदा सांगितलं, मित्रांनो. याहून मोठ्यानं मला सांगता येत नाही.

"कोण बसते आता वायर शोधत," असं म्हणत त्यानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी फाडली, उडालेल्या फ्यूजभोवती गुंडाळली आणि दाबून बसवली. हॉर्न वाजला. तो खूश झाला आणि त्यानं मला गावाकडं हाकललं.

गाठोड्यांवर जाईबाई बसली होती. दिवसभर कापूस वेचून ती थकली होती आणि घरी मुलगी वर्षाली तिची वाट पाहत होती. फ्यूज आता वितळणार नव्हता, म्हणून वायर तापत गेली आणि कापूस भडकला. किशोरनं उडी मारली. जाईबाई गाठोड्यांत रुतलेली होती, तिला निघता आलं नाही. तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात तिनं प्राण सोडला.

माझा पुढचा भाग तेवढा वाचला होता. किशोर एकटाच आला, पेटीतला चांदीचा फ्यूज काढून खिशात घातला आणि तिथं नवा बसवला. माझ्याशिवाय ते कुणी पाहिलं नाही.

गावभर एकच बोलणं झालं, की नागसेनच्या वायरिंगनं बाई जाळली. ते ऐकून तो आला. जानराव, किशोर, वर्षाली, सगळे होते. त्यानं पेटी उघडली.

"काकाजी, पेटीवर बोटभर काजळी हाय, वायर वितळली. मंग हा एकच फ्यूज कोरा कसा?"

जानरावांनी वाकून पाहिलं. त्या माणसानं मला पंचवीस वर्षं वापरलं. त्याला कळलं नाही, असं मी कसं म्हणू? त्यांनी किशोरकडं पाहिलं. किशोरनं मान खाली घातली. मग जानरावांनी पेटीचं झाकण लावून टाकलं.

"जाऊ दे, नागसेन. झालं ते झालं. आमी काई तुह्यावर केस करत नाई."

"करा ना केस. तपासू तर द्या," नागसेन म्हणाला. पण जानराव काठी टेकत निघून गेले होते. आईच्या मारेकऱ्याकडं पाहावं तसं वर्षालीनं नागसेनकडं पाहिलं, ती नजर मला आजही सोसत नाही.

आता नागसेनकडं कुणी गाडी नेत नाही. मित्रांनो, फ्यूज उडाला तर शिव्या देऊ नका, वायर शोधा. आणि या गावात आलात, तर आधी वर्षालीचं घर विचारा. तिला सांगा, चांदी किशोरनं गुंडाळली होती.