मामा खोकले की तोटी बंद

सव्वीस वर्षं मी इनऑरगॅनिक आणि पर्यावरण रसायनशास्त्र शिकवतोय, आणि सव्वीस वर्षांत पाण्याचा जडपणा मोजण्याच्या प्रयोगातला रंगबदल मला एकदाही दिसलेला नाही. फ्लास्कमधल्या, रंगसूचक घातलेल्या पाण्यात ब्युरेटच्या उभ्या नळीतून थेंब थेंब ईडीटीए नावाचं द्रावण सोडायचं आणि लालाचा निळा झाला की त्या क्षणी तोटी बंद करायची, एवढाच काय तो प्रयोग. पण माझ्या डोळ्यांना तो लाल आणि तो निळा एकाच विटक्या पडद्याचे दोन तुकडे वाटतात. नोकरी लागली तेव्हा हे सांगायचं राहून गेलं, आणि नंतर कोणत्या तोंडाने सांगणार?

हे माहीत होतं फक्त आमच्या लॅब अटेंडंटना. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणतं. पहिल्याच वर्षी त्यांनी मला रंग केव्हाच बदललेला असताना अर्धी ब्युरेट रिकामी करताना पाहिलं. फडकं घेऊन बाजूला बीकर पुसत उभे राहिले आणि पुढच्या फ्लास्कला बरोबर वेळेवर खोकले. तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. एकदा खोकला आला की थांबायचं. दोनदा आला की गेलं वाया, परत करा. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण आमच्याकडे खाणारा मी आणि खवखव मामांच्या घशात.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग यंदा प्राचार्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक प्रयोगाचा व्हिडिओ ऑनलाइन टाका. समिती तपासणार. व्हिडिओ पास झाले तर पर्यावरण रसायनशास्त्राचा पेपर राहील, नाहीतर तो बंद, आणि मी कायमचा वेळापत्रक समितीवर. वेळापत्रक करण्यापेक्षा मी वर्गाबाहेर अंगठे धरून उभा राहीन.

व्हिडिओ माझ्या लेकीने काढला. ती इतिहास शिकते, तेव्हा तिच्यापासून धोका नव्हता. मामा वेळेवर खोकले, मी वेळेवर थांबलो, आणि मी खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, मामा मधेच काय जोरात खोकलेत! सगळा आवाजच काढून टाकलाय मी. आता व्हिडिओ बघत बघत तुम्ही नव्याने बोला."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. समोर मुका व्हिडिओ, त्यात मुका फ्लास्क, तोटीवरचा माझा हात चौकटीबाहेर, आणि कानाला हेडफोन लावलेला मी. शेवटी मनाचा हिय्या करून एका थेंबाला ओरडलो, "आणि पाहा, लाल जाऊन सुंदर निळा आला!"

लेकीने व्हिडिओ टाकला. संध्याकाळपर्यंत खाली प्रतिक्रिया आल्या. 'सर, अजून लालच आहे.' 'सर, आता पण लाल.' एकाने लिहिलं की त्याने तीन मोबाईलवर बघितलं, शेजारच्यांच्या टीव्हीवरही बघितलं, आणि शेजारचेसुद्धा लालच म्हणतात. मी बाणेदारपणे उत्तर दिलं, 'स्क्रीनची ब्राइटनेस तपासावी.' कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

समितीचं पत्र आलं. व्हिडिओत रंगाचा घोळ आहे. गुरुवारी आमच्यासमोर, विद्यार्थ्यांसमोर प्रयोग करा, तोच नव्याने चित्रित करू. ठीक, म्हटलं, मामा आहेत ना.

गुरुवारी मामा आले ते गळ्याला मफलर गुंडाळूनच.

"सर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कालपासून खोकला लागलाय."

"खरा?"

"खराच हो!" आणि सलग सात वेळा खोकले.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस स्वतःसाठी खोकत होता, आणि त्याने मुहूर्त हा निवडला! मी ब्युरेट भरली. पहिला थेंब पडायच्या आत दोन खोकले. पाचव्या थेंबाला चार. समितीच्या अध्यक्ष मॅडमनी रुमाल नाकाला लावला, आणि प्राचार्यांनी लगबगीने मामांना बाहेर नेलं. दाराच्या काचेतून मामा हातवारे करत होते, पण ते थांब म्हणत होते की चालू दे, देव जाणे.

मी एकटा उरलो. वेळापत्रकाचे रकाने डोळ्यांसमोर नाचायला लागले. एक थेंब. आणखी एक. आणखी एक.

तिसऱ्या बाकावरून कुणीतरी खोकलं. अगदी मामांसारखं, कोरडं, एकदाच.

मी तोटी बंद केली.

मॅडम वाकून म्हणाल्या, "अगदी अचूक. आणखी एक वाचन घ्या."

दुसऱ्या फ्लास्कला सगळा वर्ग एकदम खोकला. चाळीस जण. प्राचार्य दचकून खिडक्या उघडायला धावले.

"या लॅबमध्ये सगळ्यांना झालंय तरी काय?" मॅडमनी विचारलं.

मी मुलांकडे बघितलं. एकजात सगळे छताकडे बघत होते. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, आम्हाला सीनियर्सनी पहिल्याच वर्षी सांगितलंय. त्यांना त्यांच्या सीनियर्सनी." म्हणजे मी सव्वीस वर्षं जी मूठ झाकून बसलो होतो, ती उघडीच होती. वर पोरं ती जपत होती. मला भरून आलं, आणि लाजही वाटली.

"मॅडम," मी म्हणालो, "मला हा रंग दिसत नाही. कधीच दिसला नाही. मामा खोकतात, मी थांबतो."

दाराबाहेर मामा खोकले.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "खोकला ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि तो कशासाठी आहे, ते सुरुवातीलाच सांगून टाका."

पेपर राहिला. नवा व्हिडिओ मी मामांना माझ्या शेजारी उभं करून केला. पहिलं वाक्य, 'मला रंग ओळखता येत नाही, म्हणून हे मामा.' लेकीने खोकल्याचा आवाज उलट वाढवला. ब्राइटनेसवाली माझी प्रतिक्रिया मी गुपचूप काढून टाकली.

खाली थट्टेच्या पुष्कळ ओळी आल्या. एक मात्र अशी होती: 'सर, मलापण दिसत नाही. उद्या केमिस्ट्री सोडण्याचा अर्ज देणार होतो. आता नाही देत. माझ्या लॅब पार्टनरला खोकायला शिकवतोय.'

ती मी मामांना वाचून दाखवली. मामांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि ते एकदाच खोकले.