राजदूतचा खांदा

माझ्या धाकट्या भावाला, कुलदीपला, चूक दिसली की राहवत नाही. शाळेत असताना एका लग्नात मांडवाचा खांब वाकडा आहे म्हणून त्यानं पंगत थांबवली होती. आता तो तिकडे दक्षिणेत, होसूरला मोटरसायकलच्या कारखान्यात तयार गाड्या तपासतो. खुसपटं काढायचा पगार मिळवणारा आमच्या घराण्यातला हा पहिलाच.

घरच्यांशी मात्र तो सहा वर्षं धड बोललेला नाही. आईनं फोन लावला की, "हो. बरा हाओ. ठेवतो." संपलं.

कारण म्हणाल तर एक गाडी, बाबांची राजदूत मोटरसायकल. वरूडजवळच्या आमच्या बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत संत्र्यांचे खोके तिनंच वाहिले. बाबा थकले तशी ती गोठ्यात गंजत पडली. कुलदीप म्हणाला होता, दिवाळीत येतो आणि उभी करतो. तो आला तर गोठ्यात गाडीच्या जागी नुसता तेलाचा डाग. बाबांनी ती भंगारवाल्याला देऊन टाकली होती. "इचारलं तरी असतं," एवढंच तो म्हणाला आणि वाढलेल्या ताटावरून उठून गेला. पुढे बाबा गेले. तेरवीला आला, सगळ्या पंगतींना वाढत राहिला, पण स्वतः पाटावर बसला नाही.

बाग आता बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिली आहे आणि आई माझ्याजवळ अमरावतीला असते. तिला दुसरं काही नको. त्यानं एकदा येऊन पोटभर जेवावं, इतकंच. रोज ती दोन पोळ्या जास्त लाटते. मी ओरडते, आणि सकाळी त्या शिळ्या पोळ्यांचा कुस्करा मीच खाते.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासायच्या. बारीक कामाला हात सरावलेला, म्हणून यंदा उन्हाळ्यात ठरवलं, राजदूत आपणच बनवायची, खेळण्याएवढी. तिचे सुटे भाग जोडून करायचा किट मला काही कुठे मिळाला नाही. शेवटी एका जुन्या जपानी गाडीचा मागवला, खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढा. त्याची टाकी निमुळती होती. ती बाजूला ठेवली आणि कवळीच्या गुलाबी मसाल्यातून नवी कोरली.

आईनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "कोनाच्या हिरड्या होय ह्या?"

खरी कसोटी रंगाची. आमच्याकडे बैल होते तेव्हा पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला शेंदरी रंग बाबा राजदूतच्या टाकीला फासायचे. बैल विकल्यावरही शिंगांचाच रंग आणायचे, नुसत्या गाडीसाठी. त्याखालचा कंपनीचा काळा रंग जागोजागी डोकावायचा. मी टाकी आधी काळी केली, ओल्या बोटानं तिच्यावर मिठाचे खडे चिकटवले आणि वरून शेंदरी फवारला. वाळल्यावर मीठ घासून काढलं, तर खालचे काळे चट्टे हुबेहूब उघडे पडले. बागेतली माती मलमलीच्या कपड्यातून चाळून मडगार्डला लावली, कारण एवढ्याशा गाडीवर साधी माती गोट्यांसारखी दिसते. वाटाणे रंगवून त्यांची संत्री केली, आइस्क्रीमच्या काड्यांचा खोका केला, तो कॅरिअरवर बांधला.

आमच्या घरच्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. जे जे झालं त्याचा फोटो मी तिथे टाकायची. कुलदीपच्या दोन निळ्या खुणा यायच्या आणि पुढे शुकशुकाट. मला त्याची फार आठवण यायची. टाकी घासता घासता डोळे भरायचे, आणि लगेच त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण झाली. मी ती पाटावर ठेवली. आई किती तरी वेळ पाहत राहिली. टाकीवरून बोट फिरवलं, तेव्हा तिला नक्की बाबा आठवले असणार.

"काही चुकलं का?" मी विचारलं.

"काहीच नाही चुकलं."

"मंग बोलत काहून नाही तो?"

"इतकं बराबर कराले सांगतलं कोनं तुले?" आई म्हणाली. "त्याले बोलाले जागाच नाही ठेवली तू."

आईनं वाटीत तूप आणि हळद कालवली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. जिथे जू बसतं तिथे तूप-हळद लावायची, पळसाच्या कोमट पानानं शेकायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. बैल गेल्यावर बाबा हे सगळं राजदूतला करू लागले. पहिल्या वर्षी त्यांनी हळद हँडलला लावली, तर एवढासा कुलदीप भांडायला उठला. जू बसतं तो खांदा ना? मग ओझं तर मागे कॅरिअरवर असतं, म्हणजे गाडीचा खांदा मागच्या चाकावरचे शॉकअप! बाबा हसून हरले. तेव्हापासून दर वर्षी हळद लावायचा मान त्याचाच.

"मोबाईल धर, चालू कर," आई म्हणाली. तिनं पळसाचं पान हळदीत बुडवलं आणि सरळ हँडलवर टेकवलं.

"आई, खांदा तर मागं..."

"मले मालूम हाये. तू चूप राह्य." मग मोबाईलकडे पाहत ती सावकाश म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी व्हिडिओ पाठवला. निळ्या खुणा आल्या. तो काहीतरी लिहितोय असं दिसलं, मग दिसेनासं झालं. आई खुशाल पान पुसत बसली होती. आणि फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला.

"आई, हँडलले काहून लावलं? खांदा मागं हाये!"

"हो का? मले दिसत नाही रे बाप्पा आता बराबर."

"अन् ताई? तेबी आंधळी झाली का? दोनी शॉकअपले लावा लागते, आंदी डाव्याले. पान गरम केलं का? अन् आरसा उजवीकडे कुठून आला? उजवा तर मी फोडला होता. खोक्यात गवत नाही, गवताबिगर संत्रं दबते, एवढंबी समजत नाही तिले?"

उन्हाळाभर एक शब्द नाही, आणि सगळं मनात टिपून ठेवलेलं! मी तोंड उघडलं, तर आईनं माझा हात घट्ट दाबला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आवाज मात्र कोरडा ठेवला तिनं.

"मंग तूच येऊन लाव."



"उद्या कसा पोचीन, आई?"

"उद्या नको येऊ. परवा तान्हा पोळा हाये. लेकरं लाकडाचे नंदी घेऊन निंगतेत. हे गाडीबी लेकरायेच्याच मापाची हाये. तवा ये. जेवाले ये."

मग तो म्हणाला, "पायतो."

'ठेवतो' म्हणाला नाही. फोन तसाच सुरू राहिला. त्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता, आमचा त्याला येत असेल. आईनं तो बंद केला नाही, मलाही करू दिला नाही.

मी पळसाचं पान उचललं आणि वाटीत बुडवलं. चूक तर चूक, निदान आता नीट करावी म्हणून मागच्या शॉकअपकडे नेलं.

आईनं माझ्या हातातून पान काढून घेतलं. मागचा खांदा तिनं कोराच ठेवला आणि हळदीची वाटी झाकून फडताळात ठेवली.