बेटावरचे आधी

सभागृहात पाणी कधी शिरलं ते अर्नेटा फ्रिपला कळलंच नाही. पायाखालचा हिरवा गालिचा खाडीसारखा हलायला लागला आणि बाकांच्या मधल्या वाटेनं बोई मासे निघाले. चंदेरी, पोटानं जड, अगदी सावकाश. एक मासा सभापतींच्या टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या बुटापाशी थांबला. वर सभापती महामार्गांच्या तरतुदी वाचत होते. त्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. तिला फार बरं वाटत होतं.

"बाईसाहेब, घोरताय," शेजारच्या बाकावरून डीकननी कोपर मारलं.

डीकन म्हणजे आमदार टिस्डेल. शहराच्या जुन्या वस्तीतून इतक्या वेळा निवडून आलेले, की त्यांच्या बाकाचं कातडंसुद्धा त्यांच्या आकाराचं झालं होतं. चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचे मदतनीस, म्हणून इथेही डीकनच.

"घोरत नव्हते. मासे बघत होते."

डीकनची पेन्सिल थांबली. "कसले मासे?"

"बोई. गाभोळीनं भरलेले."

"अरे देवा! आता कोण?"

त्यांच्या काळ्या लोकांत हा प्रश्न कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. स्वप्नात मासा आला की घरात कुणाला तरी दिवस गेलेत, हे पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं. अर्नेटाची स्वतःची साठी उलटली होती, त्यामुळे तिच्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता. तिनं आपल्या कॅसिना बेटावरच्या बायका मनातल्या मनात मोजल्या आणि तिला जरा धसका बसला, कारण मोजण्यासारखी एकच उरली होती.

ती बाहेरच्या ओसरीत आली, संगमरवरी खांबाला टेकली आणि भाचीला फोन लावला.

"ज्युनेल, कितवा महिना?"

"तुला कुणी सांगितलं? मी अजून नवऱ्यालासुद्धा नीट सांगितलेलं नाही."

"माशांनी."

"म्हणजे तू विधानसभेत झोपतेस! आणि आम्ही तुला मतं देतो." ज्युनेल हसली, पण ते हसू लगेच ओसरलं. "मावशी, एक सांगते, रागावू नकोस. आम्ही पलीकडच्या किनाऱ्यावर घर बघतोय."

"का गं?"

"का काय? शेवटची बोट उन्हं कलायच्या आत सुटते. रात्री कळा आल्या तर काय करू? धुक्यात कोण होडी काढणार? आजीचं काय झालं ते विसरलीस?"

"आज शेवटचा दिवस आहे अधिवेशनाचा. आपली संध्याकाळची बोट आज मंजूर होतेय."

"हे तू दर वसंतात म्हणतेस, मावशी."

फोन ठेवल्यावर अर्नेटा तिथेच उभी राहिली. कॅसिना बेटावर पूल नाही. वरच्या अंगाला गोल्फचं मैदान असलेलं बेट आहे, त्याला पूल आहे, पुलावर दिवे आहेत, दिव्यांवर फुलांच्या टोपल्या आहेत. कॅसिनावर काळी माणसं राहतात, गुलामीतून सुटलेल्या पणजोबा-पणज्यांनी घेतलेल्या जमिनीवर, आणि त्यांच्यासाठी सरकारची एक बोट. शाळा बंद झाली, दवाखाना तर कधी नव्हताच. ज्युनेल गेली की पाळणा हलेल असं शेवटचं घरही गेलं. मग बेटावर म्हातारी माणसं आणि थडगी, आणि थडग्यांना बोट लागत नाही. हे सगळं एका ओळीवर येऊन थांबलं होतं, आणि ती ओळ आज अर्थसंकल्पात शिरायला हवी होती.

आई आठवलीच. हेस्टर बाई पलीकडच्या किनाऱ्यावर डॉक्टरकडे गेल्या होत्या, हिवाळ्यात. लोक नंतर म्हणाले, म्हातारीची बोट चुकली. चुकली नव्हती. आई वेळेवर धक्क्यावर पोचली होती. पण त्या दिवशी पक्षी बघायला आलेल्या पाहुण्यांचं मोठं टोळकं होतं, त्यांची आगाऊ तिकिटं, आणि बेटावरच्यांनी उरलेल्या जागेत चढायचं असा शिरस्ता. जागा उरली नाही. आई बाजूला झाली, कारण बाजूला होणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. मग धुकं आलं. कुणाकडे राहायला गेली नाही, कुणाला फोन केला नाही. धक्क्यावरच्या बाकावर शाल गुंडाळून बसली, सकाळच्या बोटीसाठी. सकाळची बोट आली तेव्हाही ती बसलेलीच होती.

तेव्हापासून कॅसिनाचं माणूस त्या बाकावर बसत नाही. पाय दुखत असले तरी उभं राहतं. "मिस हेस्टर बसल्यात," म्हणतात. अर्नेटा एरवी शाळेची बस चालवते, व्यवहारी बाई आहे, पण तिलाही कधीकधी तिथे शालीचं टोक दिसतं.

"मिसेस फ्रिप, दोन मिनिटं आहेत का?"

अर्थ समितीचे अध्यक्ष बेन्स हसतमुखानं उभे होते. गोरे, उंच, टापटीप, बोलणं मधाळ. बेन्स वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान कडाकडा भांडता आलं असतं.

"बोट देतो," ते म्हणाले. "संध्याकाळची, वर्षभर. पण तुमच्या विधेयकातून नाही. ते मागे घ्या. मी पर्यटन विकासाच्या तरतुदीत घालतो, माझ्या नावानं."

"आणि पहिला परिच्छेद?"

तो परिच्छेद अर्नेटानं स्वतः लिहिला होता. या बेटावरची माणसं काळी आहेत म्हणून राज्यानं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पूल दिला नाही आणि बोटीतही शेवटी चढवलं, असं त्यात सरळ म्हटलं होतं. डीकननी तो दोनदा मऊ करून दिला, तिनं दोनदा पुन्हा कडक केला.

"तो नको. नावही नको. 'मिस हेस्टर कायदा' म्हटलं की माझी माणसं बिथरतात."

"ते माझ्या आईचं नाव आहे, साहेब."

"ठाऊक आहे. मला मनापासून वाईट वाटतं." आणि त्यांना खरंच वाटत होतं. "जेवणानंतर सांगा. माझ्याच माणसांत फूट आहे, अर्थसंकल्पाला तुमच्या गटाची मतं लागतील. तुम्हाला बोट लागेल. दोघांचंही भागेल."

तळघरातल्या खानावळीत काळ्या आमदारांचा गट नेहमीच्या कोपऱ्यात बसला होता. भेंडी-भात, तळलेली कोंबडी, मक्याचा पाव. नव्यानं निवडून आलेली टमेरा गॅड्सन ऐकूनच उसळली.

"मिस अर्नेटा, मुळीच नाही म्हणा! कारण काढून टाकलं की ती खिरापत झाली. खिरापत ते पुढच्या वर्षी बंद करतील."

"पोरी, खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, असं करून चालत नाही," डीकन म्हणाले.

"उपाशी राहायची आपल्याला सवय आहे, डीकन."

"सवय आहे म्हणजे आवड आहे असं नाही. मी इथे आलो तेव्हा माझं पहिलं विधेयक असंच गेलं. रस्त्याचं. रस्ता झाला, पाटी दुसऱ्याची लागली. पण पावसात माझी माणसं चिखलातून जात नाहीत."

"बाळंतपण आपलं आणि बारसं त्यांच्या घरी!"

"पोर जगलं ना?" डीकन हळूच म्हणाले.

अर्नेटाला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. आईचं नाव सोडायचं म्हणजे तिला त्या बाकावर दुसऱ्यांदा एकटं सोडून यायचं, असं तिला वाटलं. आणि नाव धरून ठेवायचं, तर ज्युनेल सामान बांधणार.

तेवढ्यात खानावळीच्या दाराशी गलका झाला. कुठल्याशा गावाहून सभागृह बघायला आलेली पाहुणे मंडळी ताटं घेऊन रांगेत घुसली होती, आणि वाढणारी ओला नावाची बाई डाव उगारून ओरडत होती, "आमदार आधी! पाहुण्यांनी थांबायचं. ही यांची जागा आहे, तुमची नाही. आमदार आधी!" पाहुणे मुकाट मागे सरकले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याचं घर त्यानं आधी वाढून घ्यावं, इतकी ती साधी गोष्ट होती.

अर्नेटानं हातातला पाव खाली ठेवला. मग नॅपकिननं तोंड पुसलं आणि वर गेली.

"घ्या," ती बेन्सना म्हणाली. "विधेयक मागे. परिच्छेद मागे. नाव…" तिला इथे थांबावं लागलं. "नाव पण मागे. पण तुमच्या तरतुदीत माझं एक वाक्य जाईल."

"किती मोठं?"

"छोटंच. 'या मार्गावरच्या प्रत्येक बोटीत बेटावरचे रहिवासी आधी चढतील.'"

बेन्सनी ते पुटपुटून बघितलं. त्यात कुणावर ठपका नव्हता. काळा शब्द नव्हता, गोरा नव्हता. त्यांना ते चढण्या-उतरण्याच्या नियमासारखं वाटलं.

"एवढंच?"

"एवढंच. आणि ते निघालं तर आमच्या गटाचं एकही मत नाही."

"तुम्ही फार समजूतदार आहात, मिसेस फ्रिप."

"आमच्यात समजूतदारांची कमी कधीच नव्हती, साहेब," ती म्हणाली. हा टोला होता हे त्यांना जिन्यावर पोचल्यावर कळलं असावं, कारण त्यांनी एकदा वळून बघितलं.

दिवेलागणीच्या सुमारास अर्थसंकल्प मताला आला. फलकावर हिरवे दिवे लागत गेले. टमेराचा दिवा सगळ्यांच्या शेवटी लागला, पण हिरवा लागला. सभापतींनी लाकडी हातोडा आपटला, अधिवेशन संपलं, आणि दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी वर्षभराचे कागद फाडून छताकडे उधळले. मेलेली विधेयकं, जगलेली विधेयकं, सगळी एकत्र. अर्नेटानं 'मिस हेस्टर कायदा' फाडला. बारीक फाडला आणि दोन्ही हातांनी वर फेकला. कागदाचे तुकडे दिव्यांच्या उजेडात सावकाश खाली येत होते, आणि क्षणभर तिला पुन्हा वाटलं, की हे सगळं पाण्याखाली चाललंय. एक तुकडा बेन्सच्या खांद्यावर बसला. त्यांनी तो झटकला नाही, त्यांना तो दिसलाच नाही. डीकननी तिचा हात हातात घेतला आणि ती रडली.

शरद ऋतूत बोट सुरू झाली. धक्क्यावर नवी पाटी लागली: सागरी पर्यटन विकास. खाली बेन्स यांचं नाव ठसठशीत. पाटीवर पक्षी आहेत, सूर्य आहे, हातात हात घालून चालणारं गोरं जोडपं आहे. कॅसिनाचं कुणी नाही.

पहिल्या संध्याकाळी अर्नेटा शाळेची बस लावून धक्क्यावर आली. भरतीचं पाणी गवतात चढलं होतं आणि सगळी खाडी गुलाबी झाली होती. ज्युनेल डॉक्टरकडून आली होती, पोट पुढे, बूट हातात.

"सुजलेत," ती म्हणाली.

"घर बघितलंत ते?"

"भाड्यानं दिलं म्हणे दुसऱ्याला." ज्युनेल खाडीकडे बघत राहिली. "पाळणा रंगवायला काढलाय. निळा रंग आणशील का?"

अर्नेटानं मान डोलावली.

धक्क्यावर पाहुण्यांची गर्दी होती. कॅमेरे, टोप्या, खाऊचे डबे. ते सवयीनं कठड्याला लागून रांगेत उभे राहिले, आणि कॅसिनाची माणसं सवयीनं मागे, कुंपणापाशी. बोट लागली. खलाशी नवा होता, कागद बघून बोलत होता. "बेटावरचे आधी," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. पाहुणे हलले नाहीत, आणि बेटावरचेही नाहीत. म्हातारा ॲम्ब्रोस मासळीची पिशवी धरून तसाच उभा राहिला, जणू दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलं होतं.

"बेटावरचे आधी," खलाशी मोठ्यानं म्हणाला. "बाकीच्यांनी थांबायचं."

मग ॲम्ब्रोसनं टोपी सारखी केली आणि पाऊल उचललं. गर्दीतून वाट झाली. त्याच्या मागून एकेक जण निघाला, कुणी घाई केली नाही. ज्युनेल हातात बूट घेऊन अनवाणी फळीवर चढली. पाहुणे बाजूला झाले, काही जण घड्याळाकडे बघत होते.

अर्नेटा शेवटी राहिली होती, बाकापाशी. बाकावर हात ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली. बाकाचं लाकूड उन्हानं अजून ऊबदार होतं.

उभं राहून दमलेली एक पाहुणी बाई जवळ आली. पांढरे केस, गळ्यात दुर्बीण. तिनं बाकाकडे बोट केलं.

"इथे कुणी बसलंय का हो?"

"बसली होती," अर्नेटा म्हणाली. "आत्ताच बोटीत चढली. बसा तुम्ही."

आणि ती फळीवरून आत गेली.