सातव्या खळ्याखालचा दगड

गोरे साहेब गेले ते दांडकी, चेंडू, कुत्री, मडमा सगळं घेऊन गेले. मागं राहिलं मैदान आणि मैदान राखणारा धुळाजी. मैदानाचं काय करायचं ते सरकार बघणार होतं. धुळाजीचं काय करायचं हे मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कागदावर मोमिनाबाद, लोकांच्या तोंडी आंबेजोगाई. तिथल्या घोडदळाच्या छावणीला लागून हे मैदान. साहेब त्याला गोल्फ म्हणायचे, गाव म्हणायचं साहेबाचा विटीदांडू. खेळ तरी काय, तर वाकड्या काठीनं चेंडू हाणायचा, त्याच्यामागं उन्हातान्हात कोसभर चालायचं आणि शेवटी त्याला वाटीएवढ्या गलेत, म्हणजे खड्ड्यात, ढकलायचं. अशा नऊ गला. विलायतेत म्हणे गलेभोवती हिरवंगार मऊ गवत असतं. बालाघाटाच्या माथ्यावर कुठलं आलंय मऊ गवत! पावसाळ्यात चिखल, दिवाळीत कुसळं आणि होळी झाली की काळ्या रानाला अशा भेगा, की चेंडू आत गेला तो गेलाच. कुसळं मोज्यात शिरली की मोठमोठे साहेब भर मैदानात फतकल मारून मोजे उलटे करत बसायचे. भेगेत गेलेला चेंडू फुकट उचलून घ्यावा असा कायदाच त्यांनी करून टाकला होता.

खरी अडचण गलेपाशी होती. तिथं जमीन अशी पाहिजे की चेंडू घरंगळत सरळ जावा, नखभरसुद्धा इकडंतिकडं हलू नये. अठरा वर्षांपूर्वी कप्तान साहेब याच चिंतेत डोक्याला हात लावून बसला होता, तेव्हा बावीस वर्षांचा धुळाजी पुढं झाला आणि म्हणाला, खळं करतो. ज्याच्या बापानं जन्मभर ज्वारीची खळी केली त्याला ते काय अवघड? डोंगराचा मुरूम आणला, चाळला, पाणी मारून चोपला, शेणकाल्यानं सारवला, वर रूळ फिरवला. अशी नऊ गलांची नऊ खळी. खळ्यात पायताण घालून जायचं नसतं, हेही त्यानं कप्तानाला सांगून पाहिलं. कप्तान हसला आणि बुटासकट आत गेला. मग धुळाजीनं वाद घातला नाही. खेळ उठला की शिंदीचा झाडू घेऊन उलट्या पावली खळं झाडत बाहेर यायचा, साहेबाचं एक पाऊल मागं राहू द्यायचा नाही. एवढं करून साहेबाचा नेम चुकला की शिव्या खळ्याला. नाचता येईना अंगण वाकडं, हे विलायतेतही चालतं म्हणायचं.

आता हे मैदान मूळचं कुणाचं, तेही सांगितलं पाहिजे. छावणी वाढली तेव्हा पाच-सहा जणांची रानं त्यात गेली. पाचव्या गलेपासून सातव्या गलेपर्यंतचं रान धुळाजीच्या बापाचं, आश्रुबाचं. चार कोपऱ्यांना चार हद्दीचे दगड, दर दगडावर त्रिशूळ कोरलेला. दोन दगड छावणीच्या सडकेखाली गेले. तिसरा पाचव्या गलेच्या वाटेत उभा होता. एकदा कप्तानाचा चेंडू त्याच्यावर आपटून बाभळीत गेला, कप्तान पैज हरला आणि म्हणाला, हा दगड काढ.

नवी नोकरी, डोक्याला नवा पटका. धुळाजीनं पहार घातली आणि दगड उपटला. बरं, उपटून बाजूला टाकावा की नाही? पण नाही, एवढा चांगला काळा दगड वाया कशाला घालवायचा! वडाराकडून तो गोल घडवून घेतला, दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि त्याचाच रूळ केला. घडवताना त्रिशूळ छिलला गेला, त्याचं त्या वेळी काही वाटलं नाही. चौथा दगड सातव्या गलेपाशी खोल रुतलेला होता. तो काही केल्या हलेना, म्हणून त्याच्यावरच माती लोटून, वर मुरूम टाकून खळं केलं.

आश्रुबा त्या दिवशी बाभळीखाली बसून सगळं बघत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "उपटलास तर उपटलास. पर कुटं ठिवला त्ये इसरू नगंस." दोन वर्षांनी म्हातारा गेला. धुळाजी विसरला नाही. विसरणार कसा, तोच दगड रोज सकाळी ओढत होता.

मोठ्या दुष्काळाला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा पलटण हलली. छावणीची जमीन निजाम सरकारकडे परत आली आणि एका गुरुवारी बाजारात दवंडी फिरली. छावणीत ज्यांची रानं गेली त्यांनी आपली जुनी हद्द जागेवर दाखवावी, दाखवील त्याचा अर्ज पुढं जाईल. पुढच्या बुधवारी गिरदावर, म्हणजे रानं तपासणारा अंमलदार, स्वतः येणार. ज्या रानाची हद्द सापडणार नाही ते सगळं आप्पाराव देशमुखांच्या ताब्यात जाणार.

बाकीच्यांनी हाय खाल्ली. बांध सपाट, झाडं तोडलेली, जाणती माणसं दुष्काळात गेलेली, दाखवायचं काय? धुळाजीकडं मात्र दाखवायला होतं. सातव्या खळ्याखाली दगड होता, आणि ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री जेवताना त्यानं ते बायकोला, चंद्रभागाबाईला सांगितलं आणि म्हणाला, अठरा वर्षं मी खळी केली, पण एका खळ्यात कधी कणीस पडलं नाही. एकदा तरी आपल्या रानाची ज्वारी आपल्या खळ्यावर मळायची. चंद्रभागाबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मंगळवारी सकाळी आप्पाराव घोडीवरून आले. माणूस गोड बोलणारा, आणि गोड बोलणाऱ्याचं ओझं जास्त असतं. गुरुवारी जिल्ह्याचे मोठे साहेब खेळायला यायचे होते. साहेब हैद्राबादला हा खेळ शिकलेले, आणि मैदान राखीन या बोलीवरच आप्पारावांनी अर्ज केला होता. ते धुळाजीला म्हणाले, नऊच्या नऊ खळी तयार ठेव. तुझी झोपडी आणि तुझी नोकरी जन्मभर तुझी, पाच माणसांदेखत सांगतो. एवढं बोलून घोडी वळवली आणि वळता वळता म्हणाले, "खळ्याला कुदळ लागली, तर मग माझ्याकडं येऊ नगंस बे."

म्हणजे कुणीतरी चुगली केली होती, की त्यांना नुसताच वास लागला होता, देव जाणे. धुळाजी उन्हात उभाच राहिला. खोदावं तर झोपडी जाणार, न खोदावं तर रान जाणार. खोदलं आणि दगडच मिळाला नाही तर दोन्ही जाणार. घाटनांदूरला लेक दिलेली, पण लेकीच्या दारात जाऊन बसायचं तरी कोणत्या तोंडानं? चंद्रभागाबाईनं दोन घागरी पाणी आणून सातव्या खळ्यावर ओतलं आणि कुदळ त्याच्या हातात दिली. मुरूम भिजला की खोदायला सोपा जातो, एवढंच म्हणाली.

पहिला घाव घालताना त्याला आपल्याच पाठीत बसल्यासारखा वाटला. चार बोटं सारवण, मग वीतभर मुरूम, मग काळी माती. हातभर खोल गेल्यावर कुदळ खणकली. त्यानं हातानं माती उकरली, पटक्यानं दगड पुसला, आणि त्रिशूळ दिसला. जसाच्या तसा, एक टोकसुद्धा झिजलेलं नव्हतं. धुळाजी खड्ड्यात बसून दगडाला मिठी मारून रडला. चाळिशीचा बाप्या, पण रडला.

इथं थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण आपल्या लोकांच्या मनातून एक गोष्ट जात नाही. एका दगडानं रान होत नाही. दगडासमोर दगड पाहिजे, तेव्हा कुठं बांधाची रेघ होते, हे त्यानं आश्रुबाकडून लहानपणापासून ऐकलेलं. बुडत्याला काडीचा आधार मिळाला, तर तो दुसरी काडी शोधायला लागला. दुपार कलताना त्यानं रूळ ओढत पाचव्या गलेच्या वाटेवर नेला. जुनी जागा त्याला डोळे मिटूनही सापडली असती. खुंट्या उपसल्या, खड्डा घेतला, रूळ उभा करून अर्धा पुरला, भोवती माती दाबली आणि वर थोडं वाळलं गवत पसरलं. यात खोटं काय होतं? दगड तोच, जागा तीच. चंद्रभागाबाई मात्र म्हणाली, "आवं, ह्यो आता गोल हाय." तो म्हणाला, गोल असला म्हणून काय झालं, हाय तर त्योच.

बुधवारी गिरदावर आला. उतारवयाचा, चष्मेवाला, उन्हानं वैतागलेला, पण माणूस वाईट नव्हता. मागं साखळी धरणारा गडी, आणि थोड्या अंतरावर आप्पाराव छत्री धरून. खणलेलं खळं बघून आप्पारावांच्या कपाळाला आठी पडली. गिरदावर खड्ड्यात उतरला. त्यानं त्रिशूळावरून बोट फिरवलं, दगडाला चिकटलेली जुनी मुळं उपटून पाहिली, दगड हलवून पाहिला. दगड हलला नाही. मग वर येऊन त्यानं दौत-टाक मागितली आणि मांडीवर कागद घेतला. धुळाजीच्या बापाचं नाव विचारलं. धुळाजीनं सांगितलं, आश्रुबा. गिरदावरानं ते लिहिलं.

बापाचं नाव कागदावर उतरताना बघितलं आणि धुळाजीला आनंद आवरेना. गिरदावरानं काही विचारलं नव्हतं. गप्प उभं राहायचं होतं, बस्स. पण तो हात जोडून म्हणाला, "साहेब, दुसरा बी हाय. चला, दावतो." चंद्रभागाबाईनं मागून त्याची बाराबंदी ओढली. त्याला ते कळलंच नाही, तो पुढं चालायला लागला होता.

गिरदावर त्या दगडापुढं येऊन थांबला. मग काठीनं वाळलं गवत बाजूला सारलं. खालची माती ओली होती. त्यानं दगडाच्या माथ्यावरच्या भोकात बोट घातलं, बोटाला गंज लागला. तो त्यानं पुसला आणि धुळाजीकडं बघितलं.

"हा तर रूळ हाय."

"रूळ हाय, साहेब. पर आदी दगड व्हता. ह्याच जागंवर व्हता. मीच उपटला, मीच घडवला, मीच काल पुन्ना रोवला. खोटं बोलत आसंन तर जीभ झडू द्या."

"कधी रोवला?"

"काल, साहेब."

मागं आप्पाराव हसले. फार नाही, थोडंच. गिरदावरानं कागद उघडला, आश्रुबाच्या नावाकडं पाहिलं. म्हणाला, काल जर एक दगड रोवता आला, तर खळ्यातला दगडही कधी रोवला असशील ते मी कसं सांगू? उद्या कुणी वर अर्ज केला तर माझी नोकरी जाईल. धुळाजी त्याच्या पायावर पडला. मुळं बघा म्हणाला, त्रिशूळ बघा म्हणाला, पहिल्या दगडाची आण घेतली, मेलेल्या बापाची आण घेतली. म्हातारा गिरदावर दोन पावलं मागं सरला. त्यालाही बरं वाटत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"वेड्या, एकच दावला असतास तर मी लिहून मोकळा झालो असतो," तो म्हणाला, आणि आश्रुबाच्या नावावर आडवी रेघ मारली.

साखळीवाला गडी साखळी गोळा करून निघाला. गिरदावर गेला. आप्पाराव छत्री मिटून झोपडीच्या सावलीत बसले आणि त्यांनी धुळाजीला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. म्हणाले, खरं तर आत्ताच चंबूगबाळं बाहेर फेकायला पाहिजे. पण उद्या साहेब येणार, आणि अशी खळी करणारा दुसरा माणूस मला एका रात्रीत मिळायचा नाही. खड्डा बुजव, खळं होतं तसं कर. झालं तर झोपडीत राहा, नाही झालं तर ही बाई आणि तू, दोघं सडकेवर.

चंद्रभागाबाई उठली आणि शेण कालवायला लागली. तिला रडायलासुद्धा वेळ नव्हता. मग तोही उठला. पाचव्या गलेच्या वाटेवर गेला, पहार घातली आणि तोच दगड दुसऱ्यांदा उपटला. खुंट्या ठोकल्या. सातव्या खळ्यापाशी येऊन त्रिशूळावर आधी काळी माती लोटली, मग मुरूम लोटला, पाणी मारलं, चोपलं, सारवलं. दिवस बुडायच्या आत सारवण वाळत आलं, तेव्हा दोघांनी मिळून वर रूळ फिरवला. बापाच्या एका दगडावरून बापाचा दुसरा दगड, आडवा आणि उभा, सात वेळा. नंतर शिंदीचा झाडू घेऊन धुळाजी उलट्या पावली खळं झाडत बाहेर आला. स्वतःची पावलं त्यानं नीट पुसली.

गुरुवारी मोठे साहेब खेळले. सातव्या गलेवर त्यांचा चेंडू लांबून निघाला, खळ्याच्या मधोमध गेला, जिथं खाली दगड होता तिथून गेला, आणि नखभरसुद्धा न हलता गलेत पडला. साहेबांनी टाळी वाजवली. आप्पारावांकडं वळून म्हणाले, मैदान फार छान ठेवलंय. धुळाजी बाजूला झाडू धरून उभा होता. साहेब खळ्यातून कधी बाहेर येतात याची वाट बघत होता.