सोल्वायच्या वाढदिवसाचे डोळे

झाकण उघडलं, तर आत डोळ्यांऐवजी बनपाव. लोणी लावलेले, गोलमटोल, आणि प्रत्येकाच्या डोक्यात कागदी झेंडा खोचलेला.

"हे काय?" टॉर्किल्डने विचारलं. तो प्रयोगशाळेचा प्रमुख. त्याच्या मागे डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या कंपनीतून आलेल्या दोन बायका उभ्या होत्या, हातमोजे चढवून, डुकराचे ताजे डोळे बघायच्या तयारीने.

"बनपाव," माइकेन म्हणाली.

"ते दिसतंय. डोळे कुठायत?"

डोळे कुठे असणार ते तिला कळलं होतं. सकाळी कत्तलखान्याच्या फाटकावरून डोळ्यांचा निळा आइसबॉक्स उचलून तिने सायकलच्या पुढच्या लाकडी पेटीत ठेवला. त्या पेटीत तिची मुलगी सोल्वाय बसलेली. आज तीन वर्षं पूर्ण, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. मुलीच्या या बाजूला एक निळा बॉक्स, त्या बाजूला दुसरा, बनपावांचा. सवलतीत जोडीने घेतलेले. बालवाडीच्या दारात सोल्वाय रोजच्यासारखी पायाला मिठी मारून रडायला लागली. ती मिठी सोडवता सोडवता माइकेनने हाताला लागला तो बॉक्स शिक्षिका बिर्टेबाईंच्या हातात कोंबला, आणि वर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "वाढदिवसाचं आहे. सगळ्यांना वाटा."

सगळ्यांना वाटा!

तीन वर्षं ती अर्धवेळ काम करत होती. हा तिचा पहिला स्वतंत्र प्रयोग. टॉर्किल्डने विचारलं होतं, "जमेल ना? नाहीतर यानिक आहेच." आणि ती इतक्या ठासून "जमेल" म्हणाली होती, की तिची तिलाच भीती वाटली होती. आज फसलं तर प्रयोग यानिककडे जाणार, हे कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

तिचा सहकारी यानिक यंत्रापाशी वाट बघत उभा होता. यंत्र तसं साधं. वाटीत डुकराचा डोळा बसवायचा. त्यावर रबरी पापणी उघडझाप करते आणि दर वेळी आसवांसारख्या पाण्याचा पातळ थर पसरवते. वरून दिवा डोळ्यावर उजेडाची वर्तुळं पाडतो. थर शाबूत तोवर वर्तुळं गोल. थर फाटला की ती वेडीवाकडी. ज्या थेंबाने वर्तुळं जास्त वेळ टिकतात, तो कोरड्या डोळ्यांच्या माणसांना द्यायचा. पण बॉक्समधून काढलेला डोळा वाटीत बसायच्या आधीच सुकला, की तो वाया गेला.

तिने बालवाडीला फोन लावला. वाजला, वाजला, कोणी उचलेना.

"अर्ध्या तासात घेऊन येते," असं म्हणत ती निघाली ती कोट हातातच घेऊन.

ओरहुस शहराचे चढ तिने उभ्याने सायकल मारत कापले. मन तिच्याही पुढे धावत होतं. मुलांनी किंकाळ्या फोडल्या असतील. कोणीतरी द्राक्ष समजून तोंडात टाकला असेल. घशात अडकेल का? नाही, द्राक्षापेक्षा मोठा असतो, चावावा लागेल. या विचाराने तिला जरा धीर आला, आणि मग त्या धीराचीच लाज वाटली.

बालवाडीत चिडीचूप. हे तर किंकाळ्यांहून वाईट. तिने धडपडत दार उघडलं.

मुलं जमिनीवर गोल करून बसली होती आणि मधोमध ट्रेमध्ये, बर्फाच्या पाण्यात, डोळे.

"ये गं, ये!" साठीच्या बिर्टेबाई फुलून गेल्या होत्या. "काय सुरेख कल्पना! मागे व्हिगोचे बाबा समुद्रातलं माकूळ घेऊन आले होते, मुलं अजून त्याचंच कौतुक सांगायची. आता विसरली बघ!"

"कल्पना?"

"पालकसभेत मीच नव्हतं का सांगितलं, आपापल्या कामातलं काहीतरी दाखवायला आणा म्हणून? तू मागे खाली मान घालून बसली होतीस. मला वाटलं, हिच्याच्याने काही व्हायचं नाही. आणि चक्क वाढदिवसाला आणलंस!"

दोन डोळे कापून झाले होते. आतलं भिंग वर्तमानपत्रावर ठेवून पोरं अक्षरं मोठी करून बघत होती.

"डुक्कर कुठंय आता?" एका मुलीने विचारलं.

"तुझ्या डब्यात," व्हिगो म्हणाला. "पावाला लावलंय ना ते."

मुलीने डबा उघडून खात्री केली.

"हात धुतले का सगळ्यांनी?" माइकेनच्या तोंडून निघालंच.

"दोनदा. आणि खाल्ला कोणीच नाही हं. व्हिगोने नुसता चाटला."

माइकेनने सगळी हकिकत सांगितली. बिर्टेबाई खो खो हसल्या, मग गंभीर झाल्या. "पण बाई, वाढदिवस तिचा, भेट तिची. तिलाच विचार."

सोल्वायने एका डोळ्यावर तळहात झाकून धरला होता. "नाही," ती आईला विचारायच्या आधीच म्हणाली. "माझे आहेत. तू दिलेस."

"त्यांच्या बदल्यात तुझे झेंडेवाले बनपाव आणून देते, सोनू. थांब हं." तिने यानिकला फोन लावला. "ते बनपाव बाजूला काढून ठेव रे."

पलीकडे यानिकने घाईने घास गिळला. "झेंडे होते गं. म्हटलं, कुणाचा तरी वाढदिवस असणार. पाहुण्यांनी तर गाणंसुद्धा म्हटलं."

"कुणासाठी?"

"ते विचारायचं राहिलं."

माइकेन मुलीसमोर उकिडवी बसली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "तुझे बनपाव माझ्या कामावरच्या लोकांनी खाल्ले."

सोल्वायचा खालचा ओठ बाहेर आला.

"आणि हे डोळे मला हवेत. नाही नेले, तर माझं काम दुसऱ्याला देतील."

"मग तू रडशील?"

"बहुतेक."

सोल्वायने बराच विचार केला. बाकीचे डोळे तिने बॉक्समध्ये ठेवू दिले. सगळ्यात शेवटी स्वतःचा हात उचलून तोही दिला. "हा झोपलाय. याला उठवू नको."

माइकेन दारापाशी पाय घट्ट रोवून उभी राहिली, मिठी येईल म्हणून. मिठी आली नाही. सोल्वाय वर्तमानपत्रावरचं भिंग सरकवत होती.

प्रयोगशाळेत डोळे मिठाच्या पाण्याने धुऊन एकामागून एक वाटीत बसले. पापणी मिटली, उघडली, वर्तुळं टिकली. नवा थेंब जुन्याला भारी पडला. पाहुण्या बायका एकमेकींकडे बघून माना डोलवू लागल्या. टॉर्किल्ड बोटाचं लोणी पुसत म्हणाला, "पुढचे प्रयोगही तूच लाव. फक्त बॉक्सवर काहीतरी लिहीत जा, बाई." पाहुण्यांना घेऊन तो कॉफीला गेला.

शेवटचा डोळा राहिला होता, सोल्वायने झाकून धरलेला. पडद्यावर वर्तुळं उमटली, पण कडेला वेडीवाकडी. तिथे बारीक बारीक रेषा होत्या, एकीत एक गुंतलेल्या. नखाएवढा ठसा.

"कुणाचं तरी बोट लागलंय," यानिक म्हणाला. "दोन-चारदा पापणी फिरली की जाईल."

पापणी फिरली. ठसा फिका झाला. पुन्हा फिरली.

माइकेनने बटणावर हात ठेवला. "जरा थांब."

"वेळ मोजायचाय?"

"नाही."

पापणी वरच थांबली. यानिकने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि हातातलं घड्याळ टेबलावर ठेवून दिलं. दिव्याखाली डोळा हळूहळू सुकत होता. एकेक वर्तुळ फाटत गेलं, आणि ती दोघं तो ठसा बघत उभी राहिली.