मी न दिलेला इशारा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा कर्णा, मागे बटण, पोटात सेल, असा पोलिसांच्या हातातला भोंगा. ओरडणं हा माझा धर्म. आणि आज मी कुठे आहे, माहीत आहे? न्यायालयाच्या मालखान्यात, फळीवर, गळ्यात लाखेची मोहोर लावलेली चिठ्ठी अडकवून. तिच्यावर लिहिलंय ‘मुद्देमाल’. चोरीच्या सायकली आणि रक्ताळलेले कोयते हे माझे शेजारी. माझा गुन्हा काय, ते सांगतो. तुमचा विश्वास बसणार नाही. माझा तर अजून बसत नाही.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिरानं मला तोंडाला लावून ‘हॅलो, हॅलो’ केलं, तेव्हा पलीकडच्या गल्लीतली माणसं वळून बघू लागली. काय सांगू, मी हरखून गेलो! पुढे खाडीपलीकडे नवं शहर उभं राहू लागलं आणि तिथल्या पोलीस ठाण्यात माझी नेमणूक झाली. मला सांभाळायचे हवालदार दिनानाथ. साताऱ्याकडचे, धिप्पाड, पण मनानं लोण्यासारखे. रोज संध्याकाळी ते मला फडक्यानं पुसायचे आणि म्हणायचे, “लेका, तू आहेस म्हणून माझा घसा शाबूत आहे.”

ते दिवस फार मानाचे होते. वाशीच्या खाडीवर गणपती विसर्जनाला एक चिमुरडी हरवली. तिचं नाव वैशाली. दिनानाथांनी माझ्यातून हाक दिली आणि तिची आई गर्दी कापत, रडत धावत आली. तिनं पोरीला सोडून आधी मलाच नमस्कार केला! तेव्हापासून मी जरा शेफारलोच.

मग एका उधाणात मोरखाडी गावाचा बांध फुटला. मोरखाडी म्हणजे उरणच्या वाटेवरचं, भातशेती आणि मासळीवर जगणारं गाव. “पाणी आलं, वर चला!” असं आम्ही ओरडत सुटलो, तेव्हा कान्हा नावाचा एक तरणाबांड गडी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन पळत होता. पाणी ओसरल्यावर त्याची आई, पुतळाबाई, दिनानाथांचा रस्ता अडवून उभी राहिली. “जेवल्याशिवाय जाव नको, भाऊ,” म्हणाली. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण दिनानाथ बोटं चाटत जेवले. तिनं त्यांना भाऊ म्हटलं ते कायमचं.

पण नव्या शहराला जमीन लागत होती आणि ती मोरखाडीची होती. गाव म्हणालं, योग्य मोबदला मिळाल्याशिवाय शेतात यंत्र घालू देणार नाही. तरी एका सकाळी बुलडोझर जाणार, बंदोबस्त लागणार, असं ठरलं. आदल्या संध्याकाळी आमच्या फौजदार साहेबांच्या ट्रान्झिस्टरचे सेल संपले. क्रिकेटचा सामना रंगात आला होता. त्यांनी माझं पोट उघडायला लावलं आणि माझे सेल काढून घेतले.

“साहेब, उद्या भोंगा लागेल,” दिनानाथ म्हणाले.

“टेन्शन कशाला घेता हवालदार? खाकी दिसली की पळतात ते लोक!”

मी हसलो होतो, मित्रांनो. साहेबांची गंमत वाटली मला.

सकाळी मोरखाडीच्या बांधावर सगळं गाव उभं होतं. बाया पुढे, गडी मागे. बुलडोझर घरघरत होता. कुणाच्या मनात भीती नव्हती, कारण बंदोबस्तात दिनानाथ होते. “आपला भाऊच हाय की तिथं,” पुतळाबाई शेजारणीला सांगत होती, “गोली कशी घालतील?” तेवढ्यात मागून एक दगड आला आणि जीपची काच फुटली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी शिपायांना बंदुका रोखायला सांगितल्या.

गोळी चालवण्याआधी मोठ्यानं इशारा द्यायचा असतो, मित्रांनो. लोकांना मागे सरायला वेळ द्यायचा असतो. दिनानाथांनी मला झटकन उचललं, बटण दाबलं. मी? मी मुका! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग ते स्वतःच्या घशानं ओरडले, पण बुलडोझरपुढे त्यांचा आवाज कुणाला ऐकू येणार? “साहेब, थांबा, लोकांना सांगू तर द्या!” असं ते वळून म्हणाले आणि त्याच क्षणी साहेबांनी हुकूम दिला.

कान्हा दोन्ही हात वर करून काहीतरी सांगत पुढे आला होता. तो तसाच, हात वर असतानाच, खाली पडला. लोकांना कळेचना की हे खरंच झालं. पुतळाबाई त्याला म्हणत होती, “उठ रं, उठ, चिखल लागल.” मी दिनानाथांच्या हातात होतो.

दुसरा धक्का त्या संध्याकाळी बसला. माझ्या पोटात नवे कोरे सेल घातले गेले आणि साहेबांनी वर कळवलं की भोंग्यातून तीन वेळा इशारा दिला, तरी जमाव ऐकेना! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. माझ्या नावावर, मी न बोललेलं! दिनानाथांना बोलावून साहेब एवढंच म्हणाले, “पोरं लहान आहेत ना तुमची? सांभाळून बोला.”

काही महिन्यांनी उरणच्या एका शाळेत चौकशी बसली. निवृत्त न्यायाधीश होते आणि त्यांच्या टेबलावर पुरावा म्हणून मी. वर्ग लहान, म्हणून मोरखाडीची माणसं बाहेर पटांगणात बसून राहिली. पुतळाबाईनं साक्ष दिली. “आमाना काय आयकू नाय आला. कोन बोललाच नाय.”

साहेबांचे वकील हसले. “बाई, या भोंग्याचा आवाज ऐकलाय का कधी? बहिऱ्यालाही ऐकू जाईल! न्यायमूर्तींनी परवानगी द्यावी. हवालदार, त्या दिवशी दिलात तसाच इशारा आता द्या.”

दिनानाथांनी मला उचललं. पुतळाबाई त्यांच्याकडे बघत होती. साहेबही बघत होते. दिनानाथांनी माझं बटण दाबलं.

“मागे सरा! मागे सरा, नाहीतर गोळी घालावी लागेल!”

अरे देवा, बाहेर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही! पटांगणात एकच कल्लोळ उठला. बाया पोरांना काखोटीला मारून फाटकाकडे पळाल्या. म्हातारे गोटीरामबुवा डोक्यावर हात घेऊन जमिनीवर पालथे पडले. कान्हाची बायको सखू तान्ह्या लेकराला पोटाशी धरून भिंतीआड दडली. बघता बघता पटांगण रिकामं झालं. नुसत्या चपला उरल्या. न्यायाधीश खुर्चीतून उठून खिडकीशी गेले.

पुतळाबाई हळूच म्हणाली, “बगला ना साहेब? आमाना आयकू येते. सांगतला असता त सगली मागं आलो असतो. माजा कान्हा पन.”

न्यायाधीशांनी दिनानाथांना विचारलं, “हवालदार, हे शब्द त्या दिवशी या भोंग्यातून बाहेर पडले होते का?”

दिनानाथांनी मला टेबलावर ठेवलं. मान वर केली. “नाही साहेब. भोंग्यात सेल नव्हते. सेल रेडिओत होते.” आणि एवढा धिप्पाड माणूस पुतळाबाईच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला.

तुम्हाला वाटेल, झाला न्याय. मलाही वाटलं होतं. अहवालात लिहिलं गेलं की इशारा दिलाच नव्हता. साहेबांवर खटलाही उभा राहिला. दिनानाथांची बदली दूर जंगलाकडे झाली आणि मी इथे आलो. माझ्या फळीमागच्या भिंतीपलीकडेच न्यायालयाची खोली आहे, त्यामुळे सगळं ऐकू येतं. दर तारखेला पुतळाबाई येते. तिच्या काकणांचा आवाज मी ओळखतो. साहेब येत नाहीत. कधी आजारी, कधी कामात.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या खाकी घालेल, कुणी खुर्चीत बसेल. बंदुकीआधी शब्द जाऊ द्या. आणि शब्द गेला होता का, हे विचारायला कुणालाही भिऊ नका, समोर कितीही मोठा साहेब असो. आज पुन्हा तारीख आहे. दारात उभा राहून शिपाई साहेबांच्या नावाचा पुकारा करतोय. एकदा. थांबून दुसऱ्यांदा. आणखी थांबून तिसऱ्यांदा. आरोपीला अशी तीनदा हाक द्यायची इथली रीतच आहे. कान्हाला एकदाही मिळाली नाही.