वाढणारीची बाजू

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. बसायचा नव्हे, जेवायचा. माणूस आडवा झोपेल एवढी माझी लांबी आहे, मधोमध एक भेग आहे आणि एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला आहे. खरं सांगायचं तर आता मी थकलो आहे. मक्याच्या पिठाचा गरम पोलेंटा अंगावर पडला की पूर्वी बरं वाटायचं, आता लाकूड कुरकुरतं. तरी एक गोष्ट सांगून टाकतो. ती सगळ्यांच्या आधी मला कळली होती आणि मला तोंड नसल्यामुळे कोणालाच सांगता आली नाही.

आमच्या कोल्लेसेक्को गावातल्या ओढ्याला एकदा मोठा पूर आला आणि काठावरचा एक पॉप्लर वृक्ष आडवा झाला. वेनान्झो नावाच्या शेतकऱ्याने तो घरी ओढून आणला, वाळवला, चिरला आणि त्याच्या फळ्या जोडून मला बनवलं. रंधा मारताना तो घरच्यांना म्हणाला होता की या घरात ताटं कधी फुटणार नाहीत, कारण ताटं असणारच नाहीत. तसंच झालं. मक्याचं पीठ तांब्याच्या कढईत घोटून घोटून पोलेंटा शिजवायचा आणि तो थेट माझ्यावर ओतायचा. दोन बोटं जाड पसरायचा, वर टोमॅटोचा रस्सा, मेंढीच्या दुधाचं चीज आणि अगदी मधोमध सॉसेज ठेवायचे. मग ज्याने त्याने आपल्या काठापासून मधल्या सॉसेजच्या दिशेने खात जायचं. मध्येच हात घालायचा नाही. शेजाऱ्याच्या हद्दीत काटा घातला तर शिव्या खायच्या.

म्हणून कोण किती जेवलं हे माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. ताटात अन्न सारून लपवता येतं. माझ्यावर तसं करता येत नाही. जो जेवला त्याच्यासमोर लाकूड दिसतं, आणि जो जेवला नाही त्याच्यासमोर पिवळा पोलेंटा तसाच राहतो.

माझे कामाचे दिवस म्हणजे गरिबीचे दिवस. थंडीत दोन्ही वेळा पोलेंटाच असायचा आणि मधला सॉसेज फक्त रविवारी. कडेला अकरा माणसं खेटून बसायची. भांडणं व्हायची, लग्नं ठरायची, एकदा तर एका काकूचं पोट तिथेच दुखायला लागलं आणि तासाभरात बारावा जेवणारा आला. माझी स्तुती करायला कोणाला वेळ नव्हता, पण रोज सुरीने खरवडून मला कोरडं करायचे, आणि मला तेवढं पुरे होतं.

पुढे गावात पैसा आला आणि त्याच्यामागून ताटं आली. पोरं कारखान्यांत, बंदरांत, परदेशांत गेली. मी कपाटामागे गेलो. एके वर्षी माझं वाइनच्या पिंपावरचं झाकण झालं होतं. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. खालच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला मी भिंतीवर टांगायला हवा होतो. वेनान्झोची नातसून एर्सीलिया हिने त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.

एर्सीलियाचा नवरा नाझारेनो गेला तेव्हा घरात ती एकटी उरली. आणि एकटी उरल्यावर तिचं जेवणच सुटलं. मी कपाटामागून पाहत होतो. सुरुवातीला ती मोरीपाशी उभी राहून दुधात पाव बुडवून खायची. मग नुसतं दूध. मग दूधही मांजराला.

तिची मुलगी लोरेदाना आंकोनाच्या इस्पितळात परिचारिका आहे. ईस्टरला ती घरी आली, आईच्या दंडाभोवती तिने बोटं धरली आणि ती बोटं एकमेकांना टेकली. मग तिने सांगून टाकलं की पहिला बर्फ पडायच्या आत आई शहरात तिच्याकडे येणार, चौथ्या मजल्यावर, आणि या घराला कुलूप लागणार. एर्सीलियाने एक उन्हाळा मागून घेतला. माणसं असली की मी जेवते, असं ती म्हणाली.

मग लोरेदानाने माणसांची सोय केली. परदेशी पाहुण्यांना खेड्यापाड्यांत घरोघरी स्वयंपाक शिकायला पाठवणारी एक संस्था असते, तिथे तिने आईचं नाव दिलं. पाहुण्यांनी शनिवारी यायचं, एर्सीलियाने शिकवायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. मला कपाटामागून काढलं, खरवडलं, टेबलावर ठेवलं. इतक्या वर्षांनी उजेडात आलो, तर समोर कॅमेरे.

पाहुणे वाईट नव्हते. पण त्यांना सगळं मोजून हवं असायचं. पीठ किती, पाणी किती, मीठ किती. एर्सीलिया म्हणायची, पाणी मागेल तेवढं पीठ आणि तोंड सांगेल तेवढं मीठ. ते बिचारे एकमेकांकडे बघायचे. पोलेंटा ओतला की ते खुर्चीवर चढून फोटो काढायचे आणि तोवर माझ्यावरचा पोलेंटा गार व्हायचा. एका दांडग्या माणसाने काठ सोडून थेट मधल्या सॉसेजला हात घातला, तेव्हा एर्सीलियाने त्याच्या मनगटावर घोटायचा दांडा असा हाणला की त्याची बायको पोट धरून हसली. तो शनिवार चांगला गेला.

एक अडचण होती. पोलेंटा पाऊण तास सलग घोटावा लागतो, नाहीतर गुठळ्या होतात, आणि एर्सीलियाच्या खांद्यात तेवढा दम उरला नव्हता. म्हणून तिने शेजारच्या क्विंतोला हाक मारली. क्विंतो विधुर, तिच्याच वयाचा, मोठ्या हाडाचा आणि खवचट. आठ भावंडांतला पाचवा. तो आला, पण आधीच सांगून ठेवलं की घोटीन, खाणार नाही. लहानपणी त्यांच्या घरी छताला दोऱ्याने एक खारवलेला मासा टांगलेला असायचा. प्रत्येकाने आपला पोलेंट्याचा तुकडा त्या माशाला घासायचा आणि खायचा. मासा मात्र खायचा नाही, तो महिनाभर पुरवायचा. आईला पुरलं त्या दिवशी त्याने शपथ घेतली होती की आता पोलेंट्याला तोंड लावणार नाही, आणि साठ वर्षं त्याने ती पाळली होती. तो घोटून झाल्यावर चुलीपाशी बसून आपला पाव आणि चीज खायचा आणि पाहुण्यांना नावं ठेवायचा.

आता माझ्या मनातली गोष्ट. पहिल्याच शनिवारी मला कळलं की एर्सीलिया जेवत नाही. तिची जागा चुलीकडच्या टोकाला. ती वाइन ओतायची, चीज किसायची, सॉसेज उलटायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची. "मी मागून जेवते," असं म्हणायची. पाहुणे मध्यापर्यंत पोहोचून ढेकर द्यायचे आणि तिच्यासमोरचा पोलेंटा जसाच्या तसा असायचा. कोणी बघायच्या आत ती सुरीने तो खरवडून बादलीत घ्यायची आणि कोंबड्यांना घालायची. रात्री लोरेदानाचा फोन यायचा. जेवलीस का, असं ती विचारायची. एर्सीलिया सांगायची, पाटभर पोलेंटा केला होता, सगळा संपला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकायचो आणि मला स्वतःच्या लाकूडपणाचा संताप यायचा. सगळा उन्हाळा असाच गेला. तिची अंगठी सैल झाली, ती तिने दोरा गुंडाळून घट्ट केली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी डेन्मार्कचं एक वयस्कर जोडपं आलं होतं. क्विंतोने घोटलं, पोलेंटा माझ्यावर आला, पाहुणे शांतपणे आपापल्या काठाने खाऊ लागले. एर्सीलिया चीज किसत उभी होती. क्विंतो चुलीपाशी बसला नाही. तो तिच्या शेजारची, म्हणजे नाझारेनोची खुर्ची ओढून बसला.

"काटा दे," तो म्हणाला.

एर्सीलियाचा हात थांबला. "तुला काटा कशाला? तू खात नाहीस."

"तुझ्या कोंबड्यांना चालवत नाही, एर्सीलिया. काल एक कुंपणात अडकली, मी ओढून काढली. एवढ्या गरगरीत कोंबड्या मी जन्मात पाहिल्या नाहीत. आणि तू बघ. वारा आला तर तुला दगड बांधावा लागेल."

"मी मागून जेवते."

"मागून कोंबड्या जेवतात."

तिने काटा दिला नाही. त्याने स्वतःच उचलला आणि खायला लागला. कडू औषध घ्यावं तसं त्याचं तोंड झालं होतं. पहिला घास त्याला गिळवेना, तो वाइनने उतरवला. दुसरा घेतला. कपाळावर घाम आला. त्या दोन पाहुण्यांना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी आपले काटे खाली ठेवले. क्विंतो खात खात आपल्या भागातून तिच्या भागापर्यंत आला आणि थांबला. काट्याच्या टोकाने त्याने पोलेंट्यात एक रेघ ओढली.

"इथवर माझं. पुढचं तुझं. तू बसलीस तर मी उद्याही येईन, परवाही येईन, हे भुक्कड अन्न रोज गिळीन. नाही बसलीस तर आत्ता उठून लोरेदानाला फोन करतो."

"पैसे घेऊन वाढते मी, क्विंतो. पैसे देणाऱ्यांच्या पंगतीत यजमानीण बसत नाही."

"मी दिलेत का पैसे?"

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "नाझारेनोच्या बाजूचा पोलेंटा तसाच राहिला असता, म्हणून मी पाट बाहेर काढलाच नाही. आता लोक येतात, सगळ्या बाजू संपतात. मग मला वाटतं, माझी एक त्याच्यासाठी राहू दे. मी खाल्लं की तो संपला."

क्विंतोने तोंड पुसलं. आवाज खाली आणून म्हणाला, "तो संपलाय, एर्सीलिया. त्याच्या खुर्चीत मी बसलोय, त्याने काही म्हटलं का? बस खाली."

ती बसली. मग काट्याच्या टोकाएवढा पोलेंटा तोंडात घातला आणि रडली, आणि रडत रडत दुसरा घातला. मित्रांनो, माझ्यावर अकरा माणसं तुटून पडलेली मी पाहिली आहेत. पण तेव्हा तिच्यासमोर खेळायच्या पत्त्याएवढं लाकूड उघडं झालं, त्याचा मला झाला तेवढा आनंद कधीच झाला नव्हता.

त्यानंतर क्विंतो रोज दुपारी येऊ लागला. गावात कुजबुज झाली. चर्चबाहेर बायकांनी विचारलं की आता लग्नाचं जेवण कधी. एर्सीलियाने सांगितलं, आधी तुमच्या नवऱ्यांना घोटायला शिकवा. रोज भांडण व्हायचं. पोलेंटा पातळ झाला म्हणून, मीठ जास्त झालं म्हणून, त्याने तिच्या हद्दीत काटा घातला म्हणून. क्विंतोला पोलेंटा शेवटपर्यंत आवडला नाही. तो खात मात्र राहिला.

नोव्हेंबरात लोरेदाना आली. गाडीत रिकाम्या पिशव्या होत्या, आईचे कपडे भरायला. टेबलाशी क्विंतोला पाहून ती दारातच थबकली. एर्सीलियाने तिला बसायला सांगितलं, पाटाच्या दुसऱ्या टोकाला, समोरासमोर. तिघं जेवली. लोरेदाना स्वतः थोडंच खात होती, ती आईसमोरचं लाकूड बघत होती. ते हळूहळू वाढत होतं. तिने क्विंतोला विचारलं की हे केव्हापासून, आणि क्विंतोने सगळं सांगितलं, कोंबड्यांसकट.

लोरेदानाचा चेहरा पडला. "मा, मी तुला रोज विचारत होते. एक दिवस चुकवला नाही."

"विचारत होतीस," एर्सीलिया म्हणाली. "बसत नव्हतीस."

आवाजात राग नव्हता, पाणी दे म्हणावं इतकं ते साधं होतं. लोरेदानाने काटा उचलला आणि आपल्या बाजूचं सगळं संपवलं. संध्याकाळी पिशव्या रिकाम्याच गाडीत गेल्या. आता ती रविवारी येते आणि इतर दिवस क्विंतो असतो. बर्फ दोनदा पडून गेला. पुढच्या वर्षी काय होईल ते मला माहीत नाही. दोघंही म्हातारी आहेत आणि माझी भेग वाढते आहे.

मित्रांनो, मला भिजत घालू नका, सुरीने खरवडा आणि सावलीत वाळवा. भिंतीवर टांगू नका. एवढं स्वतःसाठी मागतो. पण त्याहून मोठं मागणं वाढणारीसाठी आहे. कुठल्याही घरी जेवायला बसलात तर तिच्यासमोर किती संपलं ते बघा. "जेवलीस का" असं विचारू नका, ती हो म्हणेल. आधी तिला बसवा आणि मगच घास घ्या.